सहाणही झिजते

मराठीत माणूस गेल्यावर त्याच्याविषयी जे ठरावीक शब्द लिहिले जातात, त्यांत 'चंदनासारखे झिजले' या शब्दांचा नंबर बराच वरचा आहे. कोणी संस्थेसाठी झिजले, कोणी कुटुंबासाठी झिजल्या, कोणी समाजासाठी आयुष्यभर झिजले. सत्तरी उलटली की वर्तमानपत्राचे तेच पान आधी उघडले जाते, त्यामुळे हा शब्दप्रयोग माझ्या डोळ्यांखालून रोज जातो. आयुष्यभर मराठी शिकवले असल्याने एखादा शब्द फार गुळगुळीत झाला की तो उलटा करून पाहण्याची खोड मला आहे. ती या वयात जायची नाही.

चंदन झिजते हे खरेच. पण ते झिजते कशावर? सहाणेवर. एखाद्या जुन्या घरातली सहाण कधी नीट पाहिली आहे का तुम्ही? मधोमध उथळ खळगा पडलेला असतो. सहाण दगडाची, चंदन लाकडाचे. तरी पिढ्यान् पिढ्या उगाळून दगडाला खळगा पडतो. खोड आखूड झालेले सगळ्यांना दिसते, गंधाचे कौतुक होते, पण सहाणेवर आजवर कोणी अग्रलेख लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. चंदन हा माल आहे आणि सहाण हे अवजार आहे. मालाकडे सगळ्यांचे लक्ष असते, अवजाराकडे नसते.

हे सगळे सुचायला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. मी भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवत असताना हा माझ्या वर्गात होता. व्याकरणात कच्चा, पण सायकलची चेन कोणाचीही बसवून देणारा. पुढे इंजिनियर झाला आणि आता एका तांब्याच्या खाणीवर, दगड दळायच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. मागच्या दिवाळीत भेटायला आला. मी विचारले, "अरे, तू तिथे नेमके करतोस काय?" तो म्हणाला, "बाई, मी झीज मोजतो."

मला वाटले थट्टा करतो आहे. पण नाही. त्याने मग चहा गार होईपर्यंत जे सांगितले, आणि त्यानंतर मी जे वाचले, ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. मी इंजिनियर नाही, पण जाते ओढलेली बाई आहे. दळणे म्हणजे काय ते मला कळते.

खाणीतून धातू निघतो असे आपण म्हणतो. निघतो तो दगड. तांब्याच्या अनेक खाणींत शंभर किलो दगडात तांबे जेमतेम एखादा किलो असते, कुठे त्याहूनही कमी. ते एक किलो मिळवायचे तर सगळा शंभर किलो दगड फोडून, भरडून, पिठासारखा दळावा लागतो. आधी जॉ क्रशर. त्याचा जबडा खरोखर जबड्यासारखाच असतो, एक दाढ स्थिर आणि एक हलती. त्यानंतर आणखी बारीक करणारे क्रशर, चाळण्या, आणि शेवटी बॉल मिल. बॉल मिल म्हणजे आडवा पडलेला, खोलीएवढा पोलादी पिंप. त्यात दगड, पाणी आणि पोलादाचे गोळे घालतात आणि पिंप फिरवतात. गोळे वर चढतात, खाली कोसळतात, आणि त्यांच्यात सापडून दगडाचे पीठ होते.

आता दगड दळला जात असताना तो दळणाऱ्याला सोडतो का? नाही. एक टन दगड दळताना साधारण अर्धा ते एक किलो पोलादी गोळे झिजून नाहीसे होतात. दिवसाला दहा हजार टन दगड दळणारा कारखाना धरा. म्हणजे रोज पाच ते दहा टन पोलाद त्या पिठात विरघळल्यासारखे जाते! ते पुढे गाळाबरोबर वाहून जाते, परत येत नाही. रोज नवे गोळे घालायचे. पिंपाच्या आतून जाड पत्र्यांचे अस्तर असते, त्याला लाइनर म्हणतात. तेही काही महिन्यांत झिजते, आणि मग कारखाना थांबवून बदलावे लागते.

आमच्या लहानपणी जात्याला टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या. जाते गुळगुळीत झाले की दळण नीट होत नसे, म्हणून छिन्नीने त्याला पुन्हा खडबडीत करायचे. टाकी लावल्यावर पहिले दळण कोंड्याचे. ते टाकून द्यायचे, नाहीतर भाकरीत कचकच लागायची. ती कचकच म्हणजे जात्याची झीजच. फरक एवढाच की आपल्या जात्यात दगड मऊ धान्याला दळतो, आणि खाणीत पोलाद स्वतःहून कठीण दगडाला दळते.

हो, स्वतःहून कठीण. हे मला नवे होते. फ्रेडरिक मोह्स नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी केली. सर्वांत खाली, एक नंबरवर शंखजिरे; सर्वांत वर, दहावर हिरा. वरच्याने खालच्यावर ओरखडा काढायचा, एवढाच नियम. या शिडीवर सुरीचे पाते साडेपाचच्या आसपास येते, आणि आपली साधी गारगोटी सातवर. लहानपणी ठिणग्या पाडायला आपण घासायचो तीच गारगोटी. बहुतेक खनिजांच्या दगडात ती कुठे ना कुठे असतेच. म्हणजे लोखंडाशी जिची गाठ पडते ती त्याच्याहून वरचढ. रोज चोवीस तास ही झटापट चालते.

मग उपाय काय? माणसाने तोही शोधला. इंग्लंडमध्ये शेफिल्डला रॉबर्ट हॅडफिल्ड नावाचा तरुण होता, वडिलांचा पोलादाचा कारखाना. १८८२ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिले. थोडे मँगनीज जास्त झाले की पोलाद ठिसूळ होते, असा तोवरचा अनुभव होता. त्यामुळे एवढे कोणी घालून पाहत नसे. हॅडफिल्डने घातले, ते तापवून पाण्यात बुडवले, आणि निघाला एक चिवट, विचित्र धातू. त्याच्यावर जितके जोराचे घाव बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. कोरा असताना जेवढा कठीण, त्याच्या दुपटीहूनही अधिक. आत मात्र तो चिवटच राहतो. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे, क्रशरच्या दाढांना, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या शिरस्त्राणांनाही हेच पोलाद वापरले गेले. आज दीडशे वर्षे होत आली तरी जॉ क्रशरच्या दाढांना हॅडफिल्डचेच पोलाद लागते.

मँगनीज म्हटल्यावर माझे कान टवकारले. नागपूर, भंडारा आणि शेजारचा बालाघाट हा भारतातला मँगनीजचा मोठा पट्टा. डोंगरी बुजुर्ग, चिखला, मनसर, कांद्री, गुमगाव ही गावे आमच्या मुलांच्या दाखल्यांवर असायची. इथल्या खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या, आणि इथले खनिज बोटीने विलायतेला जायचे. म्हणजे ज्या मातीत आमच्या मुलांच्या चपला लाल-काळ्या व्हायच्या, तिच्याच पोटातल्या धातूमुळे पोलादाला दगडाशी झुंजायचे बळ येते.

आता यावर एखादा सुविचार न सुचला तर तो मराठी माणूस कसला! 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.' प्रत्येक शाळेच्या फळ्यावर वर्षातून एकदा तरी हे वाक्य येते. हॅडफिल्डचे पोलाद म्हणजे या म्हणीचा चालताबोलता पुरावा, असे कोणालाही वाटेल.

पण माझा विद्यार्थी म्हणाला ते ऐका. हे पोलाद फक्त जोराच्या घावाने कठीण होते. जिथे घाव नाहीत, नुसती बारीक वाळू घसरत राहते, अशा जागी ते लावले तर त्याचा काही उपयोग नाही. साध्या पत्र्यासारखे झिजून जाते. तिथे क्रोमियम घातलेले कठीण बीड वापरावे लागते. पाण्यात कालवलेली वाळू वाहून नेणाऱ्या पंपात तर अनेकदा रबराचे अस्तर पोलादाहून जास्त टिकते, कारण कण येऊन आपटला की रबर दबते आणि पुन्हा उसळते. पण तिथेही मोठा टोकदार खडा आला की रबर फाटते. म्हणजे झीज एका प्रकारची नाही. ठेचण्याची वेगळी, घासण्याची वेगळी, वाहत्या वाळूची वेगळी, आणि त्यात गंज मिसळला की आणखी वेगळी. म्हणून त्याच्या कामातला पहिला प्रश्न असतो: इथे कोण कोणाला झिजवते आहे, आणि कसे?

मला हा प्रश्न फार आवडला. त्यात एक व्याकरणही आहे. 'झिजणे' हे अकर्मक क्रियापद. 'पत्रा झिजला' म्हटले की वाक्य पुरे होते, कोणी झिजवला हे सांगावेच लागत नाही. 'झिजवणे' हे त्याचे प्रयोजक रूप. ते वापरले की लगेच कर्ता हजर करावा लागतो. इंजिनियरला पहिल्या रूपावर थांबता येत नाही. पत्रा झिजला, एवढे म्हणून तो घरी जाऊ शकत नाही. कोणी झिजवला, किती दिवसांत, किती मिलिमीटर, आणि आता काय करायचे, हे त्याला वहीत लिहावे लागते.

ही वही ठेवायची सवयही जगाला तशी उशिराच लागली. ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९६६ साली आला. त्यात घर्षण, झीज आणि वंगण या तिन्हींच्या अभ्यासाला मिळून एक नाव दिले गेले, ट्रायबॉलॉजी. ग्रीक भाषेतल्या 'घासणे' अशा अर्थाच्या शब्दावरून. या विषयाकडे नीट लक्ष दिले तर एकट्या ब्रिटनचे वर्षाला एक्कावन्न कोटी पन्नास लाख पौंड वाचतील, असा त्या समितीचा अंदाज होता. आकडा ऐकून लोक दचकले. झीज तर आदल्या दिवशीही तेवढीच होत होती, पण तिला नाव आणि आकडा मिळाल्यावर ती दिसू लागली. पुढे २०१७ साली फिनलंडच्या केनेथ होल्मबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणींचा हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ६.२ टक्के खाणकामाला लागते, आणि खनिजांच्या खाणींत जी ऊर्जा लागते तिच्यातली सुमारे ४० टक्के नुसत्या घर्षणावर मात करण्यात जाते. झिजलेले भाग पुन्हा तयार करायला आणि बदलायला जी ऊर्जा लागते, ती याखेरीज.

इथपर्यंत सगळे शहाणपणाचे आहे. लोखंडाची झीज मोजली गेली, तिला शास्त्र मिळाले. आता मला खरे जे म्हणायचे आहे ते.

दगड फुटतो तेव्हा पोलाद झिजते आणि धूळ उडते. त्या धुळीत तीच गारगोटी असते, सात नंबरची. तिचे सर्वांत घातक कण इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान. नाकातल्या केसांना आणि घशाला चुकवून ते फुप्फुसाच्या तळाशी जातात. शरीरातल्या राखणदार पेशी त्यांना गिळतात आणि पचवता न आल्याने स्वतःच मरतात. तिथे व्रण होतो, व्रणावर व्रण होतात, आणि स्पंजासारखे मऊ फुप्फुस निबर होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. दगड ताजा फुटलेला असेल तर ती धूळ आणखी वाईट. एकदा झालेला हा रोग औषधाने मागे फिरत नाही. कामावरून काढले तरी तो आतल्या आत वाढत राहू शकतो. या रोग्याला क्षयही लवकर जडतो, आणि कित्येकांना नुसता क्षयच समजून औषधे दिली जातात.

हॅडफिल्डचे पोलाद सोसून सोसून कठीण झाले की टिकते. फुप्फुस सोसून सोसून कठीण झाले की माणूस मरतो. ती म्हण लिहिणाऱ्याने दोन्ही धातू एकच समजू नयेत, एवढेच माझे मागणे आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी दळायच्या कारखान्यांत कामाला जात. त्यांच्यातल्या २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. त्यासाठी कितीतरी वर्षे पाठपुरावा करावा लागला. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण केले. त्यात रोगाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि मृत्यूनंतर द्यायच्या रकमा ठरवून दिल्या. चांगले केले. पण हे सगळे पत्र्याला भोक पडल्यानंतरचे झाले. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात असे चालत नाही. तिथे भोक पडायची वाट कोणी पाहत नाही. पत्र्याची जाडी यंत्राने मोजतात, ती अमुक मिलिमीटरवर आली की तारीख ठरते आणि पत्रा बदलला जातो. मागचा पिंप महाग असतो, त्याला धक्का लागता कामा नये.

मग मला साधा प्रश्न पडतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची जाडी कोण मोजते?

कायदा नव्हता असे नाही. १९४८ सालच्या कारखाने कायद्यातच सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. १९५२ च्या खाण कायद्याखाली कामगारांची ठरावीक वर्षांनी तपासणी करायचे नियम झाले. मोठ्या खाणींत ती होतेही. पण रस्त्याकडेचे खडी क्रशर, लहान दगडखाणी, ठेकेदाराकडचे रोजंदारीचे मजूर, तोंडाला पदर बांधून घमेली उचलणाऱ्या बाया, यांची नावे कोणत्या वहीत असतात? ज्याचे नाव हजेरीलाही नाही त्याचा एक्स-रे कोण काढणार? तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने खडे अडतात, ती बारीक धूळ अडत नाही.

कोणी म्हणेल, पश्चिम महाराष्ट्राचा काळा दगड वेगळा, त्यात गारगोटी फार कमी. बरोबर आहे. पण आमचा पूर्व विदर्भ त्या काळ्या दगडावर बसलेला नाही. इकडे ग्रॅनाइट आहे, नाइस आहे, क्वार्टझाइट आहे, आणि यांच्यात गारगोटी भरपूर. शिवाय दगड कोणताही असो, धूळ पोटभर खाऊन कोणी धष्टपुष्ट झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे कोणी म्हणेल, बाई, झिजल्याशिवाय काम होते का? तुमच्या पंख्यातली तांब्याची तारही अशाच कुठल्या खाणीतून आली. मान्य. झीज टळत नाही, हे तर त्या कारखान्याचेच सूत्र आहे. पण पुढचे सूत्र असे की काय झिजू द्यायचे ते आपण ठरवायचे. म्हणूनच तर अस्तर लावतात. बदलता येते ते झिजावे आणि बदलता येत नाही ते वाचावे, यासाठी. आता हे माणसाला लावून पाहा. दगडावर पाण्याचा फवारा, छिद्र पाडताना सोडलेले पाणी, झाकलेला कन्व्हेयरचा पट्टा, धूळ उगमापाशीच ओढून घेणारा पंखा, आणि या सगळ्यानंतर चांगल्या प्रतीचा मास्क. हे माणसाचे अस्तर आहे. पाणी आणि पंखा यांना पोलादी लाइनरहून जास्त खर्च येत असेल असे मला वाटत नाही. आणि झीज मोजायला नियमित एक्स-रे आणि फुंकण्याची तपासणी, जिचा निकाल त्या मजुराच्या स्वतःच्या हातात कागदावर मिळेल, ठेकेदार बदलला तरी त्याच्याबरोबर जाईल. लाइनरचा इतिहास कारखान्यात जपला जातो, मग माणसाचा का नाही?

आणि आपण मराठी लिहिणाऱ्यांनीही एक करावे. कष्टकऱ्याबद्दल 'आयुष्यभर झिजला' असे लिहायचा मोह झाला की जरा थांबावे आणि प्रयोजक रूप वापरून पाहावे. 'त्याला झिजवले.' वाक्य लगेच अस्वस्थ होते, कारण ते कर्ता मागते. स्वेच्छेने झिजणारे थोर लोक असतात, त्यांना माझा नमस्कार. पण रोजीसाठी धुळीत उभ्या राहणाऱ्याने झिजायचे ठरवलेले नसते. त्याच्या झिजण्याला चंदनाची उपमा देणे म्हणजे हिशेबाच्या जागी हार घालणे.

बाकी आपल्या हातात काय आहे? फार नाही, पण थोडे आहे. गावाबाहेर एखादा क्रशर दिसला तर गाडीची काच वर करून पुढे निघून जाण्याआधी पाहा, पाण्याचा फवारा चालू आहे का. ओळखीचे कोणी ग्रामपंचायतीत, तहसिलीत, वर्तमानपत्रात असेल तर त्यांना विचारा. आणि घराचे, रस्त्याचे काम निघाले आणि खडी पुरवणारा दारात आला, तर दराची घासाघीस करण्याआधी त्याला एवढेच विचारा, की तुमच्याकडच्या माणसांचा एक्स-रे शेवटचा कधी काढला होता?